गावात संस्था आणायची आहे? आधी गावाची वही उघडा

दर उन्हाळ्यात मला असे चार-पाच फोन येतात. "ताई, आमच्या गावाला एखादी संस्था बघा की." सातारा-सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यातून, कधी माणमधून, कधी खटाव, जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडून. मी विचारते, काय काम करायचंय? पलीकडे जरा शांतता, मग उत्तर येतं, "काय बी करू द्या, संस्था येऊ तर द्या."

हा लेख म्हणजे त्या फोनला दिलेलं लांबलचक उत्तर. मी बरीच वर्षं सेवाभावी संस्थेची कार्यकर्ती म्हणून वाड्यावस्त्या फिरले आणि आता गावाच्या बाजूने बसून संस्थांशी बोलते. संस्था गरीब वस्तीचं जगणं बदलू शकते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. चांगल्या हेतूने आलेली संस्था दोन वर्षांत निघून गेली आणि मागे गंजलेली पाटी तेवढी राहिली, हेही पाहिलंय. पहिल्या प्रकारच्या जवळजवळ प्रत्येक गावात एक साधी गोष्ट होती. गावाकडे स्वतःची वही होती. दोनशे पानी, पुठ्ठ्याच्या बांधणीची, किराणा दुकानात मिळते तीच. तिच्यात काय लिहायचं आणि कधी, ते क्रमाने सांगते.

पहिली पानं: वस्ती फिरा

ग्रामसभेत "गावाची गरज काय?" असं विचारलं की तीन उत्तरं ठरलेली असतात. सभामंडप, रस्ता, कमान. ही उत्तरं खोटी नसतात, पण ती पुढे बसणाऱ्यांची असतात. ज्यांच्यासाठी संस्था हवी ती माणसं त्या वेळी कुणाच्या तरी रानात खुरपायला गेलेली असतात.

म्हणून पाच जणांचा गट करा. त्यात निदान दोन बाया हव्यात आणि एक जण वस्तीवरचाच हवा. सकाळी सातला किंवा दिवेलागणीला फिरा, दुपारी नको. मळ्यातली वस्ती, धनगरवाडा, मागासवर्गीय वस्ती, गायरानातली पालं, कुठलीच सोडू नका. वेळ साधारण जुलै ते सप्टेंबरची निवडा. आपल्या दुष्काळी तालुक्यांतली कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जातात ती उन्हाळ्यापर्यंत परतत नाहीत. जानेवारीत पाहणी केलीत तर गावातली सगळ्यात गरीब घरं कुलूपबंद दिसतील आणि वहीत येणारच नाहीत. मेंढपाळांचंही तसंच. त्यांचा मुक्काम गावात कधी असतो ते आधी विचारून घ्या.

घरात गेल्यावर "तुम्हाला काय पाहिजे?" हा प्रश्न विचारू नका. त्याचं उत्तर येतं, "तुमी द्याल ते." त्याऐवजी विचारा, "मावशी, काल उठल्यापासून जेवणापर्यंत काय काय केलंत?" आणि नुसतं ऐका. पाणी कुठून आणलं, सरपण कुठून, पोरगी शाळेत गेली का, दवाखान्याला शेवटचे पैसे कुणाकडून उचलले आणि काय दराने, सगळं आपोआप बाहेर येतं.

खटाव तालुक्यातल्या एका वस्तीत आम्ही असंच बसलो होतो. वस्तीला नळ होता, तरी बाया अर्ध्या किलोमीटरवरच्या विहिरीवरून पाणी आणत होत्या. आमच्यातल्या एकाने वहीत "नवीन पाइपलाइन" लिहायला घेतलं. तेवढ्यात एक आक्का म्हणाल्या, "आवो, नळाला पानी येतंय अकराला. आमी आठलाच रोजगाराला जातूय." पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याने व्हॉल्व्ह सकाळी सहाला फिरवायचा, एवढंच काम होतं. एक पैसा लागला नाही. संस्था त्या वस्तीत थेट आली असती तर तिने प्रामाणिकपणे दोन-तीन लाखांची पाइपलाइन टाकली असती आणि तिलाही पाणी अकरालाच आलं असतं.

प्रत्येक घराला अर्धं पान द्या. माणसं किती, कमावती किती, जमीन किती आणि त्यातली भिजणारी किती, जनावरं, कर्ज, शाळेबाहेरची मुलं, एकट्या राहणाऱ्या बाया, आजारी माणूस. आधार क्रमांक लिहू नका, त्याची गरज नसते. वही कुणाच्याही हाती पडू शकते.

दुसरं काम: तीन रकाने

पाहणी झाली की गरजा तीन रकान्यांत लावा. गावाला स्वतः करता येण्यासारखं पहिल्यात. सरकारने द्यायचंच आहे ते दुसऱ्यात. उरेल ते तिसऱ्यात. संस्थेकडे फक्त तिसरा रकाना न्यायचा.

दुसऱ्या रकान्याबाबत मी हट्टी आहे. रेशन, निराधार पेन्शन, अंगणवाडी, घरकुल, रोजगार हमीचं काम हा आपला हक्क आहे. ते संस्थेने वाटायला सुरुवात केली की हक्काचं दान होतं, आणि संस्था गेली की दानही थांबतं. रोजगार हमीची कल्पना ज्यांनी मांडली ते वि. स. पागे सांगली जिल्ह्यातले. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रभर लाखो माणसं या कामांवर जगली आणि पुढे त्याचा कायदा झाला. आपल्याच मातीतला हा हक्क संस्थेच्या दारात जाऊन मागू नये. संस्थेला इथे एकच काम सांगा: फॉर्म भरायला, दाखले काढायला, तालुक्याच्या खेपा घालायला माणूस द्या. कार्यकर्त्याचे असे सहा महिने कित्येकदा मोठ्या देणगीपेक्षा जास्त उपयोगी पडतात.

पहिल्या रकान्यालाही कमी लेखू नका. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले इथे रयत शिक्षण संस्था काढली. वसतिगृहातल्या पोरांच्या जेवणासाठी गावोगाव मूठमूठ धान्य गोळा व्हायचं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पोरांसाठी मंगळसूत्र मोडलं, हे साताऱ्यात लहान पोरंही सांगतील. आजच्या भाषेत तीही खाजगी विकास संस्थाच होती, फक्त तिचे देणगीदार मूठभर जोंधळा देणारे शेतकरी होते. आज वर्गणी काढताना मी या मुठीची आठवण करून देते आणि वस्तीवरचं घरही दहा रुपये देऊन हक्काने बसतं.

संस्था निवडताना

संस्था म्हणजे सगळं एकच नव्हे. कुणी ज्ञान देतं, कुणी पैसा, कुणी यंत्रं, कुणी लोकांना संघटित करतं. पाणी फाउंडेशनचं उदाहरण घ्या. गावोगावच्या जलसंधारणाची २०१६ ची पहिली वॉटर कप स्पर्धा तीन तालुक्यांत झाली, त्यात आपला कोरेगाव होता आणि कोरेगाव तालुक्यातलंच वेळू गाव पहिलं आलं. २०१८ ला माणमधल्या टाकेवाडीने बाजी मारली. ती संस्था कामासाठी पैसे देत नव्हती. गावच्या माणसांना प्रशिक्षण द्यायची, घाम गावाने गाळायचा. तिच्याकडे कुणी "बंधारा बांधून द्या" म्हणून गेलं असतं तर हात हलवत परत आलं असतं. म्हणून तिसऱ्या रकान्यातल्या प्रत्येक ओळीपुढे लिहा, इथे ज्ञान कमी पडतंय, पैसा, यंत्र, की एकी?

कागद तपासणं सोपं आहे, लाजू नका. आपल्याकडच्या बहुतेक संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेल्या असतात. काही कंपनी कायद्याच्या कलम ८ खालच्या, ना-नफा कंपन्या असतात. नोंदणी क्रमांक मागा, जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात तो खरा आहे का बघा. मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल मागा. नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर नोंद आहे का पाहा. परदेशी पैसा वापरत असतील तर परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणी लागते. चांगली संस्था हे कागद आनंदाने दाखवते. "तुमचा विश्वास नाही का?" असं जी म्हणेल, तिला चहा पाजून निरोप द्या.

आणखी एक तपासणी मला कागदापेक्षा मोलाची वाटते. त्यांनी पाच वर्षांपूर्वी काम संपवलेल्या एखाद्या गावाचं नाव विचारा आणि एसटीने तिथे जाऊन या. सरपंचांना नंतर भेटा. आधी हातपंपावर, डेअरीवर, अंगणवाडीत बसा. "ती संस्था आठवते का?" म्हटल्यावर चेहरा बदलतो, तो बघा.

कंपनीचा सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा निधी हवा असेल तर थोडा हिशेब कळायला हवा. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून जास्त, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. आणि आपल्या परिसराला प्राधान्य द्यावं, असंही कायदा सांगतो. शिरवळ, सातारा, कुपवाडच्या औद्योगिक वसाहतींत चौकशी करताना हे लक्षात ठेवा. मात्र फेब्रुवारी-मार्चमध्ये जाऊ नका. त्या वेळी वर्ष संपण्याआधी पैसा खर्ची टाकायची घाई असते आणि घाईत मिळतं ते बहुधा वस्तूंच्या रूपात. बाक, कपाटं, संगणक. मे-जूनमध्ये जा, वही घेऊन जा. वहीतले तीन रकाने पाहिल्यावर समोरचा माणूस खुर्चीत पुढे सरकून बसतो, असं मी अनेकदा पाहिलंय.

पहिली बैठक आणि करार

संस्थेचे लोक पहिल्यांदा येतील तेव्हा हारतुरे नकोत, स्पीकर नको, पोरांचं लेझीम नको. त्यांना वस्तीवर न्या आणि तिथेच सतरंजीवर बसवा. प्रश्न आधी लिहून ठेवा. पैसा कुणाचा आहे? किती वर्षांचा आहे? गावात राहणारा कार्यकर्ता देणार की महिन्यातून एकदा जीप येणार? बिलांच्या प्रती गावाला मिळतील का? फोटो काढाल तर विचारून काढाल का? तुम्ही गेल्यावर दुरुस्ती कोण करणार?

शेवटचा प्रश्न आम्ही एकदा विचारायचा विसरलो आणि त्याची सल अजून आहे. एका गावात एका संस्थेने पाणी शुद्ध करायचं यंत्र बसवलं. फीत कापली, पेढे वाटले. आठ महिन्यांनी फिल्टर बदलायची वेळ आली. संस्थेचा प्रकल्प मार्चमध्ये संपला होता, ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकात तरतूद नव्हती, आणि वीजबिल कुणाच्या नावावर हेच ठरलं नव्हतं. खोलीला कुलूप लागलं. पुढच्या उन्हाळ्यात तिथे कडबा रचलेला पाहिला. त्या संस्थेची माणसं वाईट नव्हती. कागदावर एक ओळ लिहायची राहिली होती आणि ती लिहून घेणं माझं काम होतं.

म्हणून सामंजस्य करार करा, मराठीत करा आणि ग्रामसभेत वाचून मंजूर करा. ग्रामसभेला १५ टक्के मतदार किंवा १०० मतदार, यांतली जी संख्या कमी असेल तेवढी गणपूर्ती लागते. नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची तरतूद कायद्यातच आहे. ती सभा कागदावर न उरकता खरोखर घ्या, कारण कराराला खरे फाटे तिथेच फुटतात. करारात कामाची यादी, मुदत, संस्थेचा वाटा, गावाचा वाटा, जागा कुणाची, तयार झालेली वस्तू कुणाच्या मालकीची आणि देखभालीचा पैसा दर महिन्याला कुठून येणार, एवढं स्पष्ट असावं. गावाचा वाटा शून्य ठेवू नका. रोख नसेल तर श्रम, तेही नसतील तर कार्यकर्त्याला राहायला खोली. खातं स्वतंत्र काढा, सह्या तीन जणांच्या ठेवा आणि त्यांतली एक सही वस्तीवरच्या बाईची असू द्या.

पाण्याचं काम: इथे जरा सविस्तर

आपल्या भागात दहापैकी सात गावांना संस्था पाण्यासाठीच हवी असते, म्हणून इथे थांबते. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि माणमध्ये त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. पण तो दहावा हिस्साही वहीत मांडून बघा.

एक मिलिमीटर पाऊस एका हेक्टरवर पडला की दहा हजार लिटर पाणी होतं. गावाचं क्षेत्र १००० हेक्टर आणि पाऊस ४५० मिमी धरला तर शिवारात ४५० कोटी लिटर पाणी पडतं. आता दुसऱ्या बाजूला २००० माणसं मांडा. माणशी रोज ५५ लिटर धरले तर वर्षाला सुमारे ४ कोटी लिटर. ६०० मोठी जनावरं, प्रत्येकी ५० लिटर, म्हणजे सव्वा कोटीच्या आत. आणि पाटाने भिजवलेला एक एकर ऊस? साधारण ८० लाख ते १ कोटी लिटर. म्हणजे चार-पाच एकर ऊस आणि सगळ्या गावाचं वर्षाचं पिण्याचं पाणी सारखंच. हे आकडे शाळेच्या भिंतीवर रंगवा. पडलेलं सगळं पाणी आपलं नसतं, बरंच उडून जातं, काही ओढ्याने खाली जातं. पण या भिंतीपुढे उभं राहिल्यावर "बोअर कुठे मारायची?" हा प्रश्न मागे पडतो आणि "अडवायचं कुठे आणि कोणतं पीक घ्यायचं?" हा प्रश्न पुढे येतो.

काम माथ्यापासून पायथ्याकडे करायचं. आधी डोंगरावर समतल चर, मग खाली बांधबंदिस्ती, मग ओढ्यात माती नाला बांध. उलटं केलं की पहिल्याच वळवात गाळ खाली येतो आणि नवा बांध भरून जातो. डोंगर वनखात्याचा असेल तर आधी परवानगी घ्या. खाजगी जमीन असेल तर सातबाऱ्यावरच्या प्रत्येकाची लेखी संमती घ्या, मुंबईत असणाऱ्या भावाचीसुद्धा.

चर समतल पाहिजे म्हणजे काय, ते सांगते. चर उतारावर आडवा आणि एकाच पातळीवर हवा. थोडा जरी कलला तरी पाणी एका टोकाला धावतं आणि तिथून फुटतं. पातळी काढायला महागडं यंत्र लागत नाही. सहा-सात फुटांच्या दोन सारख्या काठ्या वरच्या टोकाला घट्ट बांधा, खालची टोकं फाकवा, मध्ये एक आडवी काठी बांधा. वरून दोरीला दगड लावून ओळंबा सोडा. आता हा घोडा जमिनीवर उभा करा आणि दोरी आडव्या काठीला जिथे लागते तिथे कोळशाने खूण करा. मग पायांची अदलाबदल करा, डावा उजव्याच्या जागी आणि उजवा डाव्याच्या. दोरी आता दुसरीकडे लागेल, तिथेही खूण करा. दोन खुणांचा बरोबर मध्य म्हणजे पातळी. डोंगरावर एक पाय रोवा, दुसरा वरखाली करत दोरी मधल्या खुणेवर आणा, दोन्ही पायांशी फक्की टाका, पुढे चला. पांढऱ्या ठिपक्यांची ओळ डोंगराला वळसा घालत जाते. ती सरळ नसते, आणि पहिल्यांदा बघणारी पोरं हमखास म्हणतात, "ताई, वाकडी गेली!" तीच बरोबर असते.

दोन फूट रुंद आणि एक फूट खोल, म्हणजे साधारण ६० गुणिले ३० सेंटिमीटरचा चर धरला तर एका मीटरला १८० लिटर पाणी बसतं. शंभर मीटर चर एकदा भरला की अठरा हजार लिटर, म्हणजे दीड-दोन टँकर. पावसाळ्यात तो कितीदा भरतो ते दर पावसानंतर पोरांना मोजायला लावा. माती खालच्या बाजूला टाका, काठापासून वीतभर जागा सोडून, नाहीतर पहिल्याच सरीला ती परत चरात येते.

काम सुरू व्हायच्या आधीच गावातल्या दहा-बारा विहिरी निवडा. काठावर ऑइलपेंटने खूण करा, दर मीटरला गाठ मारलेल्या दोरीला दगड बांधा आणि प्रत्येक अमावस्येला खुणेपासून पाण्यापर्यंतचं अंतर वहीत लिहा. अमावस्या अशासाठी की ती कुणी विसरत नाही. या नोंदी नसतील तर "कामाने पाणी वाढलं" हे पुढे कुणालाच सिद्ध करता येत नाही, संस्थेलाही आणि तुम्हालाही.

मग पाणी वाढलं की ते कुणाचं? हा प्रश्न चर खणायच्या आधी सोडवा. श्रमदानाला भूमिहीन सगळ्यांत पुढे असतात आणि पाणी चढतं ते विहीरवाल्याच्या विहिरीत. सांगली जिल्ह्यात याचं फार मोठं उदाहरण आहे. खानापूर तालुक्यात येरळा नदीवर बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी १९८० च्या दशकात मुक्ती संघर्ष चळवळीतून बळीराजा स्मृती धरण उभारलं. डॉ. भारत पाटणकर त्या चळवळीत होते. नदीची वाळू ठेकेदार उपसत होते, त्याला लोकांनी विरोध केला आणि थोडी वाळू स्वतः विकून धरणाला पैसा उभा केला. बाहेरच्या शहाण्या माणसांनी तांत्रिक मदत केली, श्रम लोकांचे. आणि ठरवलं काय, तर पाण्यावर प्रत्येक कुटुंबाचा सारखा हक्क, भूमिहीनाचासुद्धा. आज तुमच्या गावात एवढं जमणार नाही कदाचित. पण श्रमदान केलेल्या भूमिहीन घरांना वाढीव चाऱ्यात, गाळपेर (तळ्याचं पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या) जमिनीत किंवा गावतळ्यातल्या माशांत वाटा, एवढं तरी ठरावात लिहा.

बायांचा पैसा

माण तालुक्यातल्या म्हसवडला माणदेशी महिला सहकारी बँक आहे, १९९७ पासून. ती कशी उभी राहिली ते प्रत्येक गटाला सांगावं असं आहे. तिथे बायांबरोबर काम करणाऱ्या चेतना गाला सिन्हा यांच्याकडे रस्त्याकडेला लोखंडकाम करणारी एक बाई आली. तिला बचत करायची होती आणि बँका खातं काढून देत नव्हत्या. बायांनी स्वतःचीच बँक काढायची ठरवलं. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला, कारण अर्जावर अंगठे होते. बाया अक्षरं शिकल्या, पुन्हा गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, आम्हाला व्याज तोंडी विचारा, तुमची माणसं यंत्रावर करू देत, बघू कुणाचं आधी येतं. परवाना मिळाला.

संस्थेने इथे काय केलं? गटाला हात धरून शिकवलं, मोठ्या दारापर्यंत सोबत नेलं, बोलल्या मात्र बायाच. तुमच्या गावात येणाऱ्या संस्थेकडून हेच मागा.

गट नवा असेल तर दहा ते वीस जणी, शक्यतो एकाच वस्तीतल्या. बारा जणींनी महिना २०० रुपये टाकले तरी वर्षाला २८,८०० होतात. बचत आतल्या आत फिरवा. दर शेकडा दोन रुपये महिना ठेवला तरी व्याज गटातच राहतं. सावकाराला शेकडा पाच नाहीतर दहा देणाऱ्या घरात हा फरक पहिल्याच दवाखान्याच्या वेळी कळतो. सहा महिने बैठक, बचत, कर्ज, परतफेड आणि हिशेब नियमित झाले की बँकेचं कर्ज मागता येतं. नाबार्डने १९९२ मध्ये बचत गट बँकांशी जोडायला सुरुवात केली, तो रस्ता आता चांगला रुळलाय. उमेदच्या, म्हणजे सरकारच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या गटात बसत असाल तर तिथूनच जा.

एक सावधगिरी. गावात "गट करायला" येणारी प्रत्येक जीप सेवाभावी संस्थेची नसते, कित्येक मायक्रोफायनान्स, म्हणजे छोटी कर्जं देणाऱ्या कंपन्यांच्या असतात. कर्ज घेणं पाप नाही, पण नियम माहीत असावा. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला असं कर्ज विनातारण असतं, आणि घरावरच्या सगळ्या कर्जांचे मिळून महिन्याचे हप्ते घराच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. एकाच बाईच्या दारात तीन कंपन्यांची माणसं हप्त्याला उभी दिसली तर गटाने त्याच आठवड्यात बसून तिचा हिशेब मांडावा. तिला एकटीला सोडू नये.

ज्यांना सतरंजीवर जागा नसते

काही माणसं अशी असतात की वस्ती फिरतानाही आपण त्यांच्या दाराला वळसा घालतो. सांगलीत मीना शेषू यांनी १९९२ मध्ये संग्राम संस्था सुरू केली, देहविक्री करणाऱ्या बायांबरोबर. पुढे त्या बायांचीच वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली. एड्सच्या काळात त्यांना उपदेश करणारे पुष्कळ होते. या कामात त्याच बाया आपल्या आरोग्याचं काम करणाऱ्या झाल्या, पोलिसांशी आणि दवाखान्याशी स्वतः बोलू लागल्या. मी नव्या कार्यकर्त्यांना हे मुद्दाम सांगते. तुमच्या गावात ती जागा परित्यक्तेची असेल, पारधी कुटुंबाची असेल, दारू सोडू न शकलेल्या घराची असेल. संस्थेच्या कामाच्या समितीत त्यांच्यातलं एक माणूस बसवा आणि पहिल्या तीन बैठका ते बोललं नाही तरी चौथीला बोलवा.

ऑगस्ट २०१९ चा कृष्णेचा महापूर आठवतो. मदतीचे ट्रक रांगेने आले, मनापासून आले. एका गावात शाळेच्या व्हरांड्यात जुन्या कपड्यांचा कमरेएवढा ढीग होता आणि आत बाया सॅनिटरी पॅड कुणाकडे मागावं या संकोचात बसलेल्या. वस्तीनिहाय यादी असलेल्या गावांत मदत दोन दिवसांत घरोघर पोचली. ती यादी पूर यायच्या आधीच लिहिलेली होती.

हिशेब वाचायचा तो चावडीवर

दर तीन महिन्यांनी जमाखर्च मोठ्याने वाचा. सिमेंटच्या किती पिशव्या, दर काय, जेसीबी किती तास, डिझेल किती, मजुरी कुणाला. भिंतीवर फलक लावा, पण वाचनही करा, कारण फलक सगळ्यांना वाचता येत नाही. पहिल्या वाचनाला भांडण होईल. होऊ द्या. आमच्याकडे एकदा जेसीबीच्या नऊ तासांवरून दोन भावकींत जुंपली आणि शेवटी एका शाळकरी पोराने मोबाईलमधले फोटो वेळेसह दाखवले, सात तास निघाले. दोन तासांचे पैसे परत आले. त्यानंतर त्या गावात यंत्राचा तास लिहायचं काम पोरांकडेच आहे.

संस्थेच्या कार्यकर्त्याचंही ऐका. तो किंवा ती बहुतेक वेळा तुटपुंज्या मानधनावर, घरापासून लांब, मोटारसायकलवर फिरत असते. तिला दोन वेळचं विचारा. गावाचा राग तिच्यावर काढू नका.

संस्था निघताना

करारात मुदत लिहिली असेल तर निघण्याची तयारी एक वर्ष आधी सुरू करा. गटाचा हिशेब गटातली कोण लिहिणार, पंपाचा मेकॅनिक कोण, चरांतला गाळ दर मे महिन्यात कुणी काढायचा, देखभालीची पट्टी घरामागे किती. शेवटच्या सहा महिन्यांत संस्थेने फक्त बघायचं, काम गावाने करायचं. चुकलं तर तेव्हाच कळतं आणि विचारायला माणूस अजून गावात असतो. संस्थेकडचे नकाशे, मोजमापं, याद्या आणि बिलांच्या प्रती मागून घ्या आणि वहीला जोडा.

वही ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवू नका, निवडणूक झाली की कपाटं बदलतात. एका गटाच्या घरी एक वर्ष, मग दुसऱ्या गटाकडे, अशी फिरती ठेवा आणि झेरॉक्स शाळेत ठेवा.

मागच्या पावसाळ्यात त्या व्हॉल्व्हच्या वस्तीवर गेले होते. संस्था जाऊन चार वर्षं झाली. अमावस्या होती. त्याच आक्का सुनेबरोबर विहिरीच्या काठावर वाकून दोरी सोडत होत्या आणि नात कठड्यापासून जरा मागे, पायरीवर बसून पेन उघडून वाट पाहत होती. "साडेचार गाठी," आक्का म्हणाल्या. नातीने लिहिलं, मग मागचं पान उलटून गेल्या साली याच अमावस्येला किती होतं ते बघितलं.